चाळीस डोक्यांवरची फरशी

फोल्के तुवेसनच्या हाती सुरी आणि चीज दोन्ही एकदम लागलं, की त्याची थोरली बहीण आस्ता ताटली आपल्याकडे ओढून घ्यायची. कारण मग ते चीज कुणाच्या पोटात जाईल याचा भरवसा नसे. फोल्के त्याचे दोन जाड तुकडे करी, एकाच्या काठाला जीभ काढी, दुसऱ्याच्या काठाला खाच कोरी, आणि दोन्ही एकमेकांत सरकवून डोळे बारीक करून बघत बसे. चीज संपलं की साबण. साबण संपला की बटाटे. त्यांच्याकडे हात धुवायला गेलं तर साबणाच्या वडीला आकडा असायचा आणि तो बोटात अडकायचा.

"लाकडात करायच्या आधी चिजात करून बघावं," तो म्हणायचा. "चीज खोटं बोलत नाही. जिथे कच्चं असेल तिथे लगेच तुटतं."

"आणि मी पाव कोरडा खाते," आस्ता म्हणायची.

हे आमच्या एल्मरीड गावातलं. देशाच्या अगदी दक्षिण टोकाला, स्कोने प्रांतात, जिथून स्वच्छ दिवशी खाडीपलीकडचं डेन्मार्क दिसतं. मी एब्बा. रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवते, बाकी दिवस लग्नांत, वाढदिवसांत, जिथे बोलावतील तिथे ॲकॉर्डियन. माझं घर तुवेसन भावंडांच्या कारखान्यासमोर, रस्ता ओलांडला की झालं. दुपारची कॉफी मी त्यांच्याकडे घ्यायचे. पाऊस असो, बर्फ असो, मी जायचेच. का जायचे ते गावात सगळ्यांना माहीत होतं, एक फोल्के सोडून. तो माझ्याशी तासन्‌तास बोलायचा, पण काठांबद्दल.

कारखाना म्हणजे मोठं काही नाही. भुशाचा लगदा दाबून केलेल्या पातळ फळ्या, वर लाकडासारखं दिसणारं गुळगुळीत कवच, अशा फरश्या ते बनवत. त्या काळी या फळ्या सरस लावून बसवायच्या. जिभेला सरस, खाचेत सरस, मग ठोकून ठोकून जवळ आणायच्या, शिकंजे लावायचे आणि सरस वाळेपर्यंत घरच्यांनी खिडकीतून ये-जा करायची. एवढं करून हिवाळ्यात घर तापलं की लाकूड आकसायचं, सांधे उघडायचे आणि त्यात केकचा चुरा जाऊन बसायचा. फोल्केला हे सहन होत नसे. दोन फळ्यांनी एकमेकींना आपणहून धरावं, सरस नको, खिळा नको, आणि हवं तेव्हा भांडण न करता सोडावं, एवढंच त्याचं मागणं होतं.

"माणसांना जमत नाही ते फळ्यांकडून कशाला मागतोस?" आस्ता विचारायची. तिचा घटस्फोट झालेला होता, तिला अधिकार होता.

पहिला सांधा त्याने केला तो माशाच्या गळासारखा, उलट्या दातांचा. हातोडीने ठोकला की आत जाई, पण परत येत नसे. तो सोडवताना आस्ताने पहार वाकवली. दुसरा सांधा शिंकलं तरी सुटायचा. तिसऱ्याचा ओठ तुटायचा. चौथ्याबद्दल दोघं बोलत नाहीत.

मग एका एप्रिलमध्ये, मी भांडी घासत होते, तेव्हा फोल्के माझ्या स्वयंपाकघरात आला. दार वाजवलं नाही, बूट काढले नाहीत. दोन्ही हातांत एकेक फळी.

"बघ," म्हणाला.

एक फळी त्याने जमिनीवर ठेवली. दुसरी तिच्या काठाशी तिरपी धरली, जीभ खाचेत टेकवली आणि वरून नुसती दाबली. टक्. एवढाच आवाज. बटण लागावं तसा. मी वाकून बघितलं तर दोन फळ्यांच्या मध्ये केसही जाईना.

"आता ओढ," तो म्हणाला.

त्याने एक टोक धरलं, मी दुसरं. आम्ही ओढलं. मी टाच टेबलाच्या पायाला लावून ओढलं. टेबल सरकलं, फळ्या नाही. त्याने मला खालची बाजू दाखवली. खाचेचा खालचा ओठ लांब ठेवलेला आणि त्याच्या टोकाला बारीकसा उंचवटा. जिभेच्या पोटाला तेवढीच खोलगट खोबण. तिरपं घातलं की उंचवटा वाटेत येत नाही, आडवं केलं की तो त्या खोबणीत जाऊन बसतो. मग ओढणाऱ्याने ओढत राहावं.

"आणि सोडायचं असेल तर?"

त्याने एक फळी तशीच तिरपी उचलली. ती अलगद त्याच्या हातात आली.

आम्ही ते परत केलं. पुन्हा केलं. टक्, ओढ, उचल. टक्, ओढ, उचल. मला का एवढं हसू येत होतं कुणास ठाऊक. साबणाचा फेस कोपरापर्यंत आलेला, भांडी तशीच, आणि आम्ही दोघं प्रौढ माणसं जमिनीवर बसून फळ्या जोडतोय आणि सोडवतोय. फोल्केही हसत होता. हसताना तो फार देखणा दिसतो हे मी त्याला तेव्हा सांगितलं नाही. तो उठला, म्हणाला, "आस्ताला दाखवलं पाहिजे," आणि निघून गेला. एक फळी विसरून.

आस्ताने ते बघितलं आणि थेट कारखान्याचं यंत्र उघडलं. आकार फोल्केचे, पण ते लाकडात उतरवायचे तिने. तिने पाती घासून घेतली, पुन्हा घासली, आणि मेच्या अखेरीला एका वर्गखोलीला पुरेल एवढी फरशी कापून ठेवली. काठ इतके नेमके की दोन फळ्या जवळ नेल्या तर आपण होऊनच चिकटतील असं वाटावं.

आता गिऱ्हाईक हवं होतं. खाडीपलीकडे हेलसिंगोरमध्ये होल्गर फ्रीस नावाचा फरश्यांचा मोठा व्यापारी होता. आस्ताने त्याला फोन लावला. मी कॉफीला बसलेच होते, त्यामुळे तिची बाजू ऐकली आणि त्याचीही, कारण तो फोनवर ओरडून बोलायचा. डॅनिश माणूस बोलतो तेव्हा तोंडात गरम बटाटा असल्यासारखं वाटतं, आणि होल्गरच्या तोंडात दोन असावेत.

"सरस नाही?" तो म्हणाला. "बाई, लाकूड ते लाकूड. हलणारच. जोडलं नाही तर सुटणार."

"मग तुम्ही या," आस्ता म्हणाली. "मिडसमरला आमच्याकडे नाच असतो. सगळं गाव त्या फरशीवर नाचेल. तुम्हीही नाचा. एक जरी सांधा उघडला तरी मी तुम्हाला आयुष्यात पुन्हा फोन करणार नाही."

"हे वचन मला फार आवडलं," होल्गर म्हणाला. "येतो."

मिडसमर म्हणजे जूनमधला सगळ्यात मोठ्या दिवसाचा सण. त्या सकाळी गावातल्या बायका कुरणात डहाळ्या आणि रानफुलं बांधून खांब सजवत होत्या, पुरुष खांबाला टेकून सल्ले देत होते, आणि तेवढ्या वेळात फोल्के आणि आस्ताने गवतावर आडव्या पट्ट्या टाकून त्यांच्यावर फरशी मांडलीसुद्धा. ना हातोडी, ना सरस. नुसतं टक्, टक्, टक्. लोक खांब सोडून हे बघायला आले. आमच्या पाद्रीणबाई सिग्ने यांनी एक फळी स्वतः बसवून बघितली, मग दुसरी, मग तिसरी, आणि त्यांना उठवावं लागलं कारण प्रार्थनेची वेळ झाली होती.

होल्गर व्हॅन घेऊन आला. दारातून उतरताना त्याला वाकावं लागलं, इतका उंच. आल्या आल्या त्याने हेरिंग मासे आणि शेपू घातलेले नवे बटाटे खाल्ले, स्नॅप्स या कडक दारूचा एक पेला घेतला, आणि मग कोट काढून फरशीवर पालथा झोपला. गाल टेकवून सांध्यांच्या रेषेवरून नजर फिरवत होता. खिशातल्या चाकूचं पातं त्याने फटीत घालून बघितलं. फट नव्हती.

"आता नाचा," तो तिथूनच म्हणाला.

मी ॲकॉर्डियन गळ्यात अडकवलं. वॉल्ट्झ झाला, पोल्का झाला. मग आमच्याकडे या सणाला लहानथोर सगळे बेडकासारख्या उड्या मारत गोल फिरतात, तेही झालं. शेजारचा शेतकरी, ज्याचं वजन त्याच्या बैलाला विचारावं, तोही उड्या मारत होता. फरशी दणदणली, पण हलली नाही. आस्ता कडेला हात बांधून उभी होती, आणि प्रत्येक उडीला तिचे ओठ जरासे हलत. देवाचं नाव घेत होती की त्या शेतकऱ्याचं, सांगता येत नाही.

होल्गरही नाचला. आस्ताला घेऊन नाचला. थांबल्यावर धापा टाकत म्हणाला, "सुटत नाही, हे मान्य. पण मला ती व्हॅनमध्ये भरून न्यायची तर सुटायलाही हवी. आता सोडवून दाखवा."

फोल्के गुडघ्यांवर बसला. कडेची पहिली ओळ धरली. आणि नेमकं तेव्हाच समुद्राकडून एक ढग आला. आमचे ढग आधी निरोप पाठवत नाहीत. पहिला थेंब माझ्या ॲकॉर्डियनवर पडला, दुसरा होल्गरच्या टकलावर, आणि तिसऱ्यापासून मोजायची सोय राहिली नाही.

या फरशीला वरून पाण्याचं भय नाही. वर कवच आहे. पण खालची बाजू आणि काठ उघडे, त्यांना पाणी लागलं की कॉफीत बुडवलेल्या टोस्टसारख्या फळ्या फुगतात. आणि गवतात पाणी साचायला लागलं होतं. फोल्के एकेक ओळ तिरपी करून सोडवायला बघत होता, पण ओल्या हातांतून फळी निसटत होती, आणि अजून सगळी फरशी बाकी होती. त्याचा चेहरा असा झाला होता की मला बघवेना.

"सोड ते," आस्ता म्हणाली.

"अगं पण पाणी..."

"सोड म्हणते ना. ओढून सुटत नाही ना ती? मग सगळीच उचला." ती पळणाऱ्या लोकांकडे वळली. "ए, इकडे या सगळे. झाडाखाली जाऊन काय करताय, फरशीखाली या."

लोक थांबले, एकमेकांकडे बघितलं, आणि परत आले. चाळीसेक जण असतील. चारी बाजूंनी बोटं घातली, हूं म्हणून उचललं, आणि ती अख्खी फरशी गवतावरून वर आली. कमरेपर्यंत, छातीपर्यंत, मग डोक्यावर. ज्यांना कडेला जागा मिळाली नाही ते खाली शिरले. मीही शिरले, कारण ॲकॉर्डियन भिजलं तर दुसरं कुठून आणणार.

"मधला भाग वर ठेवा," फोल्के ओरडत होता. "पोट खाली लोंबू देऊ नका. लोंबलं तर काठ तिरपे होतील आणि सुटतील. उंच माणसं मध्ये या. उंच कोण आहे?"

सगळ्यांनी होल्गरकडे बघितलं.

होल्गर मध्ये आला. त्याने दोन्ही तळवे वर टेकवले आणि तो खांबासारखा उभा राहिला. शेजारी फोल्के, तोही काही बुटका नाही. बाकीचे उतरत्या उंचीने कडेपर्यंत. फरशीला मध्ये हलकासा उंचवटा आला, घराच्या आढ्यासारखा, आणि पाणी चारी बाजूंनी पागोळ्यांसारखं गळायला लागलं. आत मात्र कोरडं. डोक्यावर ताशा वाजल्यासारखा पाऊस, आणि आत चाळीस माणसं आणि एक ॲकॉर्डियन.

"मी पंचवीस वर्षं फरश्या विकतोय," होल्गर वर बघत म्हणाला. "खालून पहिल्यांदाच बघतोय."

"गळतेय का?" आस्ताने कडेवरून विचारलं.

"बघतोय."

"नुसतं बघू नका, धराही."

आता कारखान्याच्या कोठारापर्यंत जायचं होतं. कडेच्या लोकांना थोडं दिसत होतं, मधल्यांना पुढच्याची मान. पाद्रीणबाई छत्री घेऊन बाहेरून पुढे चालत होत्या आणि दिशा सांगत होत्या. पावलं एका ठेक्यात पडावीत म्हणून आस्ताने मला हुकूम केला, "एब्बा, वाजव काहीतरी."

मला चालण्याचं काही वाजवायला सुचलं असतं तर बरं झालं असतं. बोटं आपली वॉल्ट्झवर गेली. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. आणि वॉल्ट्झ ऐकल्यावर आमच्या गावातलं कुणी सरळ चालेल तर शपथ. कडेचे लोक डोलायला लागले, मग मधले डोलायला लागले, आणि अख्खी फरशी सावकाश गोल फिरत कुरणातून निघाली.

"डावीकडे," पाद्रीणबाई सांगत होत्या. "डावीकडे म्हणते ना. तुमचं डावं नाही, माझं डावं."

"तुम्ही उलट्या चालताय, बाई," कुणीतरी म्हणालं.

"बरं, मग देवाचं डावं. तिकडे वळा."

आम्ही बदकांच्या डबक्याला वळसा घातला, किंवा अर्ध्यांनी घातला आणि अर्धे त्यातून गेले. एका ठिकाणी आम्ही खांबाला पूर्ण प्रदक्षिणा घातली हे नंतर कळलं. हसण्याने लोकांचे हात थरथरत होते आणि फोल्के मधून मधून ओरडत होता, "मध्य वर, मध्य वर," आणि होल्गर दर वेळी डॅनिशमध्ये म्हणत होता, "वरच आहे, बाबा, वरच आहे."

शेवटी कोठार आलं. आणि मग आम्ही थांबलो.

"काय झालं?" आतून आवाज आले.

बाहेर आस्ता कोठाराच्या दाराकडे बघत होती. मग तिने फरशीकडे बघितलं. मग पुन्हा दाराकडे.

"फोल्के," ती म्हणाली, "दार केवढं आहे आपलं?"

फोल्केला दाराची रुंदी माहीत होती, फरशीचीही. दार एका गाडीचं, आणि फरशी वर्गखोलीची. फरशीचा एक कोपरा दाराच्या दगडावर धडकूनही झाला होता.

कुणीतरी खुदकन हसलं आणि मग सगळेच सुटले. हात वर, पोट मोकळं, अशा अवस्थेत हसणं फार अवघड असतं. त्या जाडजूड शेतकऱ्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि पुसायला हात नव्हता, म्हणून त्याने शेजारणीच्या खांद्याला डोळे पुसले. पाऊस थांबेपर्यंत तसंच उभं राहायचं ठरलं. ठरलं म्हणजे, दुसरं करणार काय.

पाद्रीणबाई छत्रीखालून कोठारात गेल्या आणि तिथे मांडून ठेवलेले स्ट्रॉबेरीचे केक घेऊन आल्या. ज्यांचे हात मोकळे त्यांनी धरणाऱ्यांना भरवायचं. मी ॲकॉर्डियन पाठीवर सरकवलं आणि एक ताटली घेऊन फोल्केसमोर उभी राहिले. तो दोन्ही हात वर करून उभा, केस भिजलेले, कपाळावर भुसा. मी चमचा पुढे केला. त्याने खाल्लं. साय त्याच्या नाकाला लागली.

आणि मग त्याने माझ्याकडे बघितलं. हातात सुरी नाही, चीज नाही, फळी डोक्यावर, काठ दाखवायला बोट मोकळं नाही. बिचाऱ्याला बघायला दुसरं काही उरलंच नव्हतं.

"एब्बा," तो म्हणाला, "एक विचारू?"

"विचार."

"तुला कॉफी एवढी आवडते?"

"नाही. मला चहा आवडतो."

वर पाऊस वाजत होता. आजूबाजूची कुजबुज थांबली.

"मग इतकी वर्षं..."

"हो. इतकी वर्षं."

त्याने वर सांध्याकडे बघितलं, सवयीने. तिथून मदत आली नाही.

"अरे बाबा," आस्ता कडेवरून म्हणाली, "सगळं गाव हात वर करून उभं आहे. जे काय बोलायचं ते लवकर बोल. खांदे भरून आले."

"काय चाललंय?" होल्गरने विचारलं. "मला तुमचं अर्धंच कळतं."

"त्याला आत्ता कळलं," शेतकरी म्हणाला.

"काय कळलं?"

"जे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं ते."

"असं होय," होल्गर म्हणाला. "मग मी बघत नाही." आणि त्याने खरोखरच डोळे मिटले.

"मी हात खाली करू का थोडा?" फोल्केने विचारलं.

"नको," चाळीस जण म्हणाले.

"बरं, मग असंच सांगतो," तो म्हणाला. त्याचा चेहरा स्ट्रॉबेरीच्या रंगाचा झाला होता. "मी उद्या चहा आणून ठेवतो, एब्बा. चांगला. पानांचा."

माझ्या आयुष्यात मला कुणी याहून चांगलं काही म्हटलेलं नाही. मला हसू आलं आणि रडूही, आणि पाठीवरचं ॲकॉर्डियन त्या हिसक्याने आपणहून एक सूर काढून मोकळं झालं. मी त्याच्या नाकावरची साय पुसली. आणि मग, दोघांपैकी हात मोकळे माझेच होते म्हणून, मी त्याचा चेहरा धरला आणि मुका घेतला.

फोल्केचे हात खाली आले. फरशीचा मध्य एकदम खाली आला.

"मध्य वर," सगळे ओरडले, आणि होल्गरने डोळे उघडून, टाचा उंचावून, एकट्याने तो भाग तोलून धरला. अगदी एका सांध्याने जरासं तोंड उघडल्यासारखं केलं. पण होल्गरने ढकलल्याबरोबर टक् आवाज आला आणि तो पुन्हा बसला. हा आवाज सगळ्यांनी ऐकला. आस्ता नंतर म्हणायची की माल विकला गेला तो त्या आवाजाने.

पाऊस आला तसा गेला. ऊन पडलं, गवतातून वाफ निघायला लागली. आम्ही फरशी कोठारासमोर लाकडाच्या ओंडक्यांवर ठेवली. हात खाली घेताना लोक म्हाताऱ्यांसारखे कण्हत होते आणि हसत होते. फोल्केने वरचं पाणी आपल्या सदऱ्याने पुसलं आणि कडेची ओळ तिरपी उचलली. ती आली. मग पुढची. मग त्यापुढची. आता लोकही हात लावत होते, आणि जेवढा वेळ बसवायला लागला त्याहून कमी वेळात सगळी फरशी फळ्यांची चळत होऊन बसली.

होल्गरने मधली एक फळी घेतली. तिच्या खाचेतून बोट फिरवलं, अगदी टोकापर्यंत, आणि बोट उन्हात धरलं. त्यावर बारीक कोरडा भुसा होता.

"कोरडी," तो म्हणाला. अंगठ्याने तो भुसा चोळून बघितला. "एवढ्या पावसात कोरडी."

फोल्के दगडावर आपटलेली कोपऱ्यातली फळी घेऊन त्याच्यापुढे गेला. "ही फुगली आहे," म्हणाला. "इथे कवच फुटलं आणि पाणी आत गेलं. हे मला अजून जमलेलं नाही."

"बाई," होल्गर आस्ताकडे वळून म्हणाला, "तुमचा भाऊ धंद्यात अगदीच कामाचा नाही."

"मला माहीत आहे," आस्ता म्हणाली. "म्हणून फोन मी करते."

"मग करत राहा," होल्गर म्हणाला. "मी तुमची जेवढी फरशी होईल तेवढी घेतो. फक्त एक अट. माझ्या माणसांना हे बसवायला तुम्ही येऊन शिकवायचं. हातोडी दिसली की त्यांचा हात शिवशिवतो."

फुगलेली फळी सोडून बाकीची सगळी फरशी त्याच संध्याकाळी व्हॅनमधून खाडीपार गेली, आणि पुढच्या आठवड्यात आस्ता गेली. आठवडाभरासाठी म्हणून गेली. मग फोन आला, ती माणसं फार मठ्ठ आहेत, अजून थोडे दिवस लागतील. मग फोन आला, डॅनिश लोकांना आकडे नीट म्हणता येत नाहीत, त्यांचं मोजमाप मलाच करावं लागतंय. मग फोनवर मागून होल्गरचं हसणं ऐकू यायला लागलं. शनिवारी ती फेरीबोटीने यायची, यंत्राची पाती घासून द्यायची, आम्हाला दोघांना एकत्र बसलेलं बघून नाक मुरडायची आणि सोमवारी परत जायची. पात्यांचं काम मग हळूहळू मी शिकले. ऑर्गन वाजवणाऱ्या बोटांना जमतं ते.

ऑक्टोबरमध्ये तिने आम्हाला बोलावलं. वारा होता, फेरीबोट डुलत होती, आणि फोल्के सगळा वेळ कठड्याला धरून होता. धक्क्यावर आस्ता नवा लाल कोट घालून उभी होती, एका हातात सॉसेजचा पाव, दुसरा हात हवेत. होल्गर मागे छत्री धरून. ते आम्हाला थेट एका शाळेत घेऊन गेले. तिथल्या मोठ्या दालनात आमची फरशी बसवून झाली होती, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आणि खिडक्यांतून दुपारचं ऊन तिच्यावर लांबच लांब पसरलं होतं. शाळा सुटलेली. दालन रिकामं.

फोल्के पालथा झोपला, गाल टेकवून, आणि रेषा बघायला लागला.

"सगळी मी बसवली," आस्ता म्हणाली. "उठ आता. बघायची गोष्ट ती नाही." तिने बूट काढले, कोट होल्गरच्या अंगावर फेकला, मागे सरकली आणि धावत सुटली. मध्यावर येऊन तिने पाय रोवले आणि मोज्यांवर घसरत, हात पसरून, थेट पलीकडच्या भिंतीपर्यंत गेली. साठीला टेकलेली बाई.

तिच्यामागून होल्गर घसरला. तो आडवा पडून भिंतीला लागला. मग फोल्के उठला, त्याने बूट काढले, चष्मा माझ्या हातात दिला आणि धावला.

तिघं पलीकडे भिंतीशी ढिगासारखे पडून मला हाका मारत होते. मी चष्मा खिडकीत ठेवला आणि बुटांच्या नाड्या सोडायला वाकले.